मिठीतलं माप

जानेफळच्या शाळेत रुजू झाले त्याच दिवशी संध्याकाळी एका अनोळखी बाईने मला नाव न विचारता मिठी मारली. मी भाड्याच्या खोलीचं कुलूप उघडत होते. एका हातात किल्ली, दुसऱ्यात पाण्याची बादली. शेजारच्या दारातून ती आली. बुटकी, अंगाने गोल, डोक्यावरून पांढरी ओढणी. तिने मला बादलीसकट कवेत घेतलं, डोळे मिटले, थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि चकार शब्द न काढता वळून आपल्या घरात गेली. अर्धी बादली माझ्या पायांवर सांडली होती.

मी नांदुऱ्याची. आमच्या गावात रेल्वे थांबते, त्यामुळे आम्ही स्वतःला शहरातले समजतो आणि अनोळखी माणसाला नमस्कार करतानाही आधी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळतो. मी घरमालकिणीला हळूच विचारलं, ही बाई डोक्याने बरी आहे ना?

"काऊन व बाई? सकीनाबी हाये ते. तुमचं माप घेतलं तिनं."

"कशाचं माप?"

घरमालकिणीने इकडेतिकडे पाहिलं, पदर तोंडाशी नेला आणि म्हणाली, "आतल्याचं."

आठवड्याच्या आत वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली एक पांढरी काचोळी माझ्या दारात आली. समोर गाठ मारायची, पाठीला रुंद, हाताने शिवलेली, आमच्या आजीच्या काळात बायका लुगड्याच्या चोळीखाली घालत तशी. मी ती पाहून हसले आणि ट्रंकेत टाकली. एका रविवारी कपडे वाळले नव्हते म्हणून नाइलाजाने अंगात घातली आणि दुपारपर्यंत मला ती अंगात आहे याचाच विसर पडला. त्यानंतर बाजारातली बॉडी मी फक्त शाळेच्या तपासणीच्या दिवशी घालत असे, कारण त्या दिवशी जरा त्रासलेलं दिसणं बरं असतं.

सकीनाबी फक्त आतले कपडे शिवायची. बायकांच्या काचोळ्या, म्हाताऱ्यांच्या बंड्या, तालमीतल्या पोरांचे लंगोट, बाळंतिणीचे पोटपट्टे. कुणी ब्लाउज किंवा सदरा घेऊन आला की ती त्याला बसस्टँडजवळच्या मशीनवाल्याकडे धाडायची. "वरचं त्यायचं, आतलं माह्यं," असं म्हणायची, आणि या वाटणीत मशीनवाल्याला कमी दर्जाचं काम मिळालं आहे अशी तिची पक्की समजूत होती. हे काम तिच्या सासरचं. सासू शिवायची, सासूची सासू शिवायची. नवरा फार पूर्वी गेला, मुलगी मेहकरला नांदत होती, आणि घरात ती, एक कात्री आणि अंगणात देवकापसाचं एक झाड.

तिची शिवण बाहेरच्या अंगाला असे. म्हणजे कापडाच्या कडा, टाके, गाठी सगळं लोकांकडे आणि गुळगुळीत बाजू अंगाकडे. नवीन माणसाला वाटे कपडा उलटा घातलाय. मलाही वाटलं होतं. "पाहनाऱ्याले काय टोचते?" ती म्हणाली. "टोचते घालनाऱ्याले. मंग कोनाचं आयकाव?"

आणि माप मिठीत. टेप तिच्या घरात नव्हता. बाईला कवेत घ्यायचं, डोळे मिटायचे आणि तसंच, हातांत ते माप धरून, कापडापर्यंत जायचं. मिठी सुटल्यापासून कात्री चालेपर्यंत तिच्याशी बोलायचं नाही हा गल्लीचा कायदा होता. कुणी बोललंच, तर सकीनाबी हताशपणे हात खाली सोडायची, त्या माणसाकडे रागाने बघायची आणि परत जाऊन मिठी मारायची. त्यामुळे भर रस्त्यात ती हात पुढे करून, डोळे अर्धे मिटून चालताना दिसली की सायकलीसुद्धा घंटी न वाजवता बाजूने जात.

पुरुषांच्या बंडीचा प्रश्न होता. परक्या पुरुषाला ती थोडीच मिठी मारणार. त्यावर तिचा तोडगा असा, की नवऱ्याला त्याच्या बायकोने तिच्यासमोर मिठी मारायची आणि मग त्या बायकोने येऊन सकीनाबीला तशीच मारायची. आमच्या गल्लीत रामरावआबा आणि सोनाबाई म्हणून एक वयस्कर जोडपं होतं. दोघांनी उभ्या संसारात एकमेकांचं नाव घेतलं नव्हतं. आबांना पोटाशी खिसा असलेली बंडी हवी होती. सोनाबाई अंगणात उभी राहून पदराचं टोक चावत म्हणाली, "मले नाई जमत व, उजेड हाये."

"मंग आबाले थंडीत कुडकुडू दे," सकीनाबी म्हणाली. "मले काय."

शेवटी सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करायचं ठरलं. मीही केलं. बराच वेळ काही आवाज आला नाही. मग आबांचा आवाज आला, "झालं का व?" आणि सोनाबाई म्हणाली, "थांबा जरासे. नीट मोजू द्या." ती बंडी आबांना अगदी अंगाबरोबर बसली. पुढच्या हिवाळ्यात ती अजून चांगली धडधाकट असताना आबा स्वतः येऊन म्हणाले, की एक आणखी असलेली बरी.

आपलं माप चुकलं हे सकीनाबी कबूल करत नसे. लोणारच्या एका बाईची लेक गरोदर होती, एसटीचा प्रवास तिला झेपणार नव्हता, म्हणून आईने तिला घरी मिठी मारली आणि ते माप हातांत घेऊन ती स्वतःच बसमध्ये बसली. लोणारपासून जानेफळपर्यंत बाई हातांचं कडं करून बसलेली. कंडक्टरने तिकीट मागितलं तर म्हणाली, पिशवीत पैसे आहेत, तुम्हीच काढा, मला हात सोडता येत नाही. सकीनाबी त्या कड्यात शिरली, तिला मोकळं वाटलं म्हणून पोटाशी उशी घेतली, आणि मग त्या उशीसकट स्वतःलाच चाचपत कात्रीकडे गेली. काचोळी लेकीला सैल झाली. "माप बरोबर हाये," सकीनाबी शांतपणे म्हणाली. "मेहकरच्या रस्त्याले गड्डे हायेत. त्यानं सैल झालं."

ही सगळी मजा चालली होती ती वर्षं तशी मजेची नव्हती. गावात बीटी कापसाच्या बियाण्याची पाकिटं आली होती. पहिल्यांदा बोंडअळी गेली म्हणून लोक खूश झाले. मग मावा आणि तुडतुडे मजेत येऊन बसले, फवारण्या वाढल्या, एखाद्या साली पावसाने दगा दिला, एखाद्या साली भावाने. शाळेत पोरं कापूस वेचणीच्या दिवसांत येत नसत आणि इतर दिवसांत पेंगत. सकीनाबीला बीटीबद्दल काही म्हणायचं नव्हतं, एवढंच की तो कापूस एकदा दबला की परत उठत नाही, म्हणून कपड्यांत भरायला ती आपल्या अंगणातल्या झाडाचा वापरायची.

गल्लीच्या टोकाला विमलचं घर. विमल माझ्याहून थोडी लहान, दोन लेकरांची आई, हसायला लागली की आवरत नसे. त्या उन्हाळ्यात तिचा नवरा गेला. कसा गेला ते गल्लीत कुणी मोठ्याने बोललं नाही, मीही इथे बोलत नाही. बुद्धविहारात वंदना झाली, पाहुणे आले, गेले. मृग लागल्यावर तिच्या दिराने, गौतमने, तिच्या वावरात पेरणी करून दिली. तो वाईट माणूस नव्हता. पण श्रावणात तो येऊन सरळ म्हणाला, "वहिनी, दोन वावरं मले नाई झेपत. फवारनीले गडी भेटत नाई. बाईमानसाच्यानं पंप उचलत नाई. बटईनं, अर्ध्या वाट्यानं देऊन टाकतो कोनाले, तुमी लेकरं घेऊन माहेरी जा." विमल हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. तिने चूल पेटवणं सोडून दिलं होतं, लेकरं शेजारी जेवत. आम्हाला सगळ्यांना दिसत होतं की ही बाई आता फक्त उचलून नेण्याची वाट बघतेय.

सकीनाबी एका सकाळी तिच्याकडे निघाली. मी शाळेला चालले होते, तिच्यामागे दारापर्यंत गेले. विमल भिंतीला टेकून बसली होती.

"ऊठ व पोरी. माप घ्याचं हाये."

"आपा, मले काई शिवाचं नाई."

"तुले कोनं इचारलं? मले शिवाचं हाये."

विमल उठली, कारण सकीनाबीला नाही म्हणण्यापेक्षा उठणं सोपं होतं. ती लाकडासारखी उभी राहिली. सकीनाबीने तिला कवेत घेतलं, डोळे मिटले. जरा वेळाने विमलचे खांदे हलायला लागले. नवरा गेल्यापासून तिच्याशी सगळे बोलले होते, तिला जवळ कुणी घेतलं नव्हतं. ती रडायला लागली, मोठ्याने, घशातून.

"हलू नको व," सकीनाबी म्हणाली. "माप हलते."

विमल हलत राहिली आणि सकीनाबी तिला धरून राहिली. मग हात सोडून म्हणाली, "गेलं. आता उद्या पुन्हा या लागते."

दुसऱ्या दिवशी ती गेली. परत येताना मी मुद्दाम बाजूला सरले, एक शब्द बोलले नाही. सकीनाबी कापडासमोर उभी राहिली, डोळे उघडले आणि मला म्हणाली, "इसरली." तिसऱ्या दिवशीही विसरली. जिच्या हातांनी लोणारच्या पोरीचं पोट बसच्या प्रवासातून ओळखायची हिंमत केली होती, ती गल्लीच्या टोकापासून घरापर्यंत येईतो माप विसरत होती, आणि रोज विसरत होती. मला तेव्हा तिच्या पाया पडावंसं वाटलं होतं. पडले नाही, कारण तिने विचारलं असतं की काय सांडलं खाली.

तिला मात्र काळजी वेगळीच होती. "पाठीचे मनके हाताले लागून राह्यले," ती मला म्हणाली. "पोरगी खात नाई." आणि दुसऱ्या दिवशीपासून नवा नियम निघाला. सकीनाबी ओढणीखाली भाकर आणि ठेचा घेऊन जायची आणि विमलसमोर ठेवायची. "उपाशी पोटाचं माप मी धरत नाई. आधी खाय." विमलने कुरकुर केली. "आपा, मागं कधी असं नव्हतं."

"मागं तू जेवून येत जाय."

विमल अर्धी भाकर खायची आणि मिठीत उभी राहायची. असं बरेच दिवस चाललं. मग एक दिवस तिने आपणहून सकीनाबीला खांदा दाखवला. पंपाच्या पट्ट्याने मांस काळंनिळं झालं होतं. ती दोन दिवस, दिराला न सांगता, त्याचा पंप घेऊन वावरात गेली होती. "दोन ओळी होतात आपा. मंग पट्टा कापते. नाई जमत मले. गौतमभाऊ खरंच सांगते."

सकीनाबीने घरी येऊन पेटी उघडली आणि तळातून एक जुनी काचोळी काढली, धुऊन धुऊन चहाच्या रंगाची झालेली. तिच्या आजेसासूने दुष्काळात तलावाच्या कामावर दगड वाहणाऱ्या बायकांसाठी असल्या काचोळ्या शिवल्या होत्या, खांद्यांवर आणि छातीच्या बाजूंनी कापूस भरून, वर उभे-आडवे टाके घालून. सकीनाबीने ती मांडीवर घेतली आणि बोटांनी बराच वेळ चाचपली. मग अंगणातल्या झाडाची बोंडं तोडायला मलाही बसवलं.

पहिली काचोळी चार दिवसांत झाली. विमलने ती घातली, वर जुना सदरा चढवला आणि सकीनाबीच्या अंगणात नुसतं पाणी भरलेला पंप पाठीवर घेतला. गल्ली जमली. विमल रामरावआबांच्या घरापर्यंत गेली आणि परत येताना मान वाकडी करून आली. भरलेला कापूस सरकून पट्टा मानेवर चढला होता.

"तुमचं माप चुकलं आपा," सोनाबाई म्हणाली.

"माप नाई चुकलं. हे तर पोरीचं माप हाये," सकीनाबी म्हणाली. ती पंपाकडे बघत होती. "याचं घ्याचं राह्यलं."

आणि तिने पंपाला मिठी मारली. पंप ओट्यावर ठेवलेला, पाण्याने भरलेला, नळी लोंबत असलेली. सकीनाबीने त्याला दोन्ही हातांनी कवेत घेतलं, गाल टेकवला, डोळे मिटले, आणि बोटांनी पट्ट्यांची बुडं शोधू लागली. तिच्या पोटाने दांडा दाबला गेला आणि नळीतून पाण्याची चिळकांडी उडून आबांच्या धोतरावर गेली. कुणी हसलं नाही, कारण तिच्या हातात माप होतं आणि बोलायची बंदी होती. सगळी गल्ली ओठ दाबून उभी. तेवढ्यात गौतम आला. आपला पंप परत न्यायला आणि वावर कुणाला बटईने द्यायचं ठरवलं ते सांगायला आला होता. दारात येऊन त्याने तोंड उघडलं, तर सोनाबाईने त्याच्या तोंडासमोर हात धरला. सकीनाबी डोळे मिटून, हात गोल धरून त्याच्या बाजूने निघून कापडाकडे गेली. कात्री चालेपर्यंत गौतमला तसंच उभं राहावं लागलं. तेवढ्या वेळात त्याने भावजयीच्या सदऱ्याच्या गळ्यातून डोकावणारी ती उलट्या शिवणीची काचोळी पाहिली, तिच्या मानेवरचा वळ पाहिला, आणि पंप पाहिला.

कात्री थांबली. "बोल आता," सकीनाबी म्हणाली.

गौतम बोलायचं होतं ते बोलला नाही. "पट्टा लांब करता येते याचा," तो म्हणाला. "मांगच्या बक्कलीतून. मी दाखवतो." मग त्याला हसू आलं आणि सगळ्या गल्लीला आलं. विमलही हसली, आणि तिचं ते न आवरणारं हसू आम्ही बऱ्याच दिवसांनी ऐकलं.

दुसरी काचोळी पंपाच्या आणि विमलच्या दोघांच्याही मापाची होती. विमल तोंडाला फडकं बांधून वावरात गेली. संध्याकाळी परत आली तेव्हा सकीनाबी आपल्या दारात बसून होती; दिवसभर तिने सुईत दोरा घातला नव्हता. तिने विमलला आधी साबणाने हात-पाय धुवायला लावले, मग आत नेऊन गाठ सोडली आणि खांदे पाहिले. बाहेर येऊन मला म्हणाली, "लाल हाये. निळं नाई." आणि चहा टाकला. गौतमने वावर बटईने दिलं नाही. बाकीच्या फवारण्या विमलने केल्या, निंदण केलं, आणि त्या वर्षी इतरांना झाला तसाच तिलाही कापूस झाला, फार नाही, पण दारात गंजी लागण्याइतका. गावात आणखी काही बायकांनी तसल्या काचोळ्या मागितल्या. सकीनाबीने प्रत्येकीला आधी विचारलं, की पंप कोणता, आणि तो घेऊन यायला लावलं.

माझी बदली झाली ती त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. सामान टेम्पोत चढलं होतं. मी निरोप घ्यायला सकीनाबीच्या दारात गेले तर विमल तिथे होती, जरा अवघडलेली, काचोळी हातात धरून.

"आपा, हे आता बसत नाई. गाठच येत नाई समोर. काखेत दाटते. तुमचं माप चुकलं वाटते."

सोनाबाई ओट्यावरच बसली होती. ती आणि मी, दोघींनी सकीनाबीकडे पाहिलं, आता ती रस्त्याला बोल लावते की पंपाला. सकीनाबीने काचोळी घेतली. विमलला जवळ ओढून पाठीवरून दोन्ही हात फिरवले, वरपासून खालपर्यंत, आणि हात मध्येच थांबले. तिच्या बोटांना मणके लागले नसावेत. तिचा चेहरा मला पुरता दिसला नाही, विमलच्या खांद्याआड होता.

"हाव माय," ती म्हणाली. "चुकलं. पुरंच चुकलं."

टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. मी वाकून तिच्या पायांना हात लावला. सकीनाबीने माझ्याकडे पाहिलं नाही. ती उंबऱ्यावर बसली होती, चष्मा कपाळावर, ओल्या डोळ्यांजवळ कापड धरून, सुईच्या टोकाने आपलेच टाके एकेक करून उसवत होती.

"जाय व बाई, सुखानं जाय," ती म्हणाली. "मले हे आजच्या आज मोठं करून द्या लागते. पोरगी जेवून राह्यली आता."